परदेशातलं मदतकार्य आणि नोकरीतलं समाधान : तुमचे प्रश्न

प्रश्न : मदतसंस्थेत पाणी-स्वच्छतेचं काम करते, परदेशातलं दुसरं पोस्टिंग. आधी भारी वाटायचं, आता दिवसभर रिपोर्ट आणि डोनरसाठी एक्सेल. माझं फील्ड चुकलं का?

नाही हो. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती माणसंच आठवडेच्या आठवडे दिसत नाहीत, मग समाधान वाटणार कशाचं? तुमच्या शीटमध्ये माणशी रोज 15 लिटर पाणी हा कॉलम असणारच, स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांमधलं किमान प्रमाण आहे ते, पण रांगेत 30 मिनिटांपेक्षा जास्त थांबायला लागू नये हेही स्फिअरमध्येच आहे आणि ते ऑफिसात बसून कळत नाही. मॅनेजरकडे महिन्यातले दोन दिवस मागून घ्या, सकाळी नळाजवळ जाऊन उभ्या राहा, कुणाचा जेरीकॅन अर्धाच भरतोय, कोण कंटाळून रिकाम्या हाताने परत चाललंय ते बघा, आणि तिथली एक तरी गोष्ट बदलून घ्या, अगदी नळाची वेळ का असेना. मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गने 1959 मध्येच मांडलंय, पगार आणि सोयी नीट असल्या की कुरकुर थांबते, पण समाधान कामातूनच येतं.

प्रश्न : स्थानिक सहकाऱ्याचा अनुभव माझ्याहून जास्त, पगार मात्र माझा कितीतरी पट. लाज वाटते.

वाटायलाच हवी थोडी, पण नुसतं वाटून त्याच्या पदरात काय पडणार? पगाराची रचना तुमच्या हातात नाही. मीटिंगमध्ये त्याला बोलू द्या, रिपोर्टवर त्याचं नाव टाका, तुमच्या पोस्टसाठी त्याची शिफारस करा. जगभर मदतकार्यात बहुसंख्य लोक स्थानिकच असतात आणि हल्ल्यांत जीव जातात तेही जास्त करून त्यांचेच, हे मला फार खुपतं.

प्रश्न : टीम अपुरी आहे म्हणून आर अँड आर, म्हणजे पोस्टिंगमधली विश्रांतीची रजा, पुढे ढकलतोय. चालेल का?

नाही, घ्याच. खडतर ठिकाणी ठराविक आठवड्यांनी बाहेर पडायचा नियम उगाच केलेला नाही.

प्रश्न : मिशन संपवून घरी आलोय, सगळं सुरक्षित, तरी मन लागत नाही. लगेच परत जाऊ का?

लगेच नको. 2012 मध्ये प्लॉस वन या संशोधन नियतकालिकात परदेशी पाठवलेल्या 212 कर्मचाऱ्यांचा अभ्यास आला होता, त्यात नैराश्याची लक्षणं जाण्याआधी 10.4 टक्के लोकांत होती, परतल्यावर 19.5, आणि 3 ते 6 महिन्यांनी 20.1, म्हणजे घरी आलं की आपोआप बरं वाटेल असं धरून चालू नका. घरच्यांना सगळं सांगता येत नाही, सांगितलं तरी पोचत नाही, त्यामुळे तिथे काम केलेल्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याशी नियमित बोला. संस्थेकडे कामाचं डीब्रीफिंग (परतल्यावर कामाबद्दल सविस्तर बोलणं) आणि समुपदेशकाची भेट अशा दोन्ही गोष्टी मागा, हक्काने मागा. झोप उडालीये किंवा पिणं वाढलंय असं असेल तर थेट डॉक्टर गाठा. आणि काही महिन्यांनी परत जायचं ठरलंच तर मुलाखतीत विचारा, या पोस्टवर आधीची माणसं किती टिकली, मॅनेजर कोण, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे अर्ज करा.