कॅज्युअल्टीसाठी वेगळे तज्ज्ञ कशाला?

प्रश्न : कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या उपचार विभागात, आलेला रुग्ण शेवटी हृदयरोगतज्ज्ञाकडे नाहीतर अस्थिरोगतज्ज्ञाकडेच सोपवला जातो. मग तेथील डॉक्टरांसाठी स्वतंत्र विशेषशाखा का असावी आणि ती केव्हा सुरू झाली?

उत्तर : या शाखेला (इमर्जन्सी मेडिसिन, म्हणजे तातडीच्या उपचारांचे वैद्यक) मान्यता देण्याची वेळ आली तेव्हा अन्य तज्ज्ञांनीही असाच आक्षेप घेतला होता. तिचा स्वतःचा अवयव कोणता, असे ते विचारीत. पूर्वी अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत हे काम शिकाऊ डॉक्टरांवर किंवा पाळीपाळीने येणाऱ्या भलत्याच शाखेच्या डॉक्टरांवर सोपवलेले असे; त्यामुळे मध्यरात्री छातीत कळ आलेल्या माणसाला कोण भेटेल, हा नशिबाचा भाग होता. १९६१ मध्ये व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे डॉ. जेम्स मिल्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी खासगी व्यवसाय बाजूला ठेवून केवळ कॅज्युअल्टी चोवीस तास चालवायला घेतली. (ब्रिटनमध्ये लीड्स येथे मॉरिस एलिस १९५२ पासूनच हे काम पूर्णवेळ पाहत होते.) पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत या डॉक्टरांची संघटना स्थापन झाली, १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात पदव्युत्तर प्रशिक्षण सुरू झाले, १९७७ मध्ये मान्यतेची मागणी फेटाळली गेली आणि १९७९ मध्ये ती मान्य होऊन ही तेथील तेविसावी विशेषशाखा ठरली.

माझ्या मते आक्षेपाचे खरे उत्तर कामाच्या पद्धतीत आहे. एरवी डॉक्टर आधी माहिती विचारतात, तपासण्या करतात, निदान करतात आणि मग उपचाराकडे वळतात. येथे हा क्रम बदलतो : बेशुद्ध रुग्णाचे नावही कळण्यापूर्वी त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास आणि नाडी चालू आहे का हे पाहिले जाते, बोटाला सुई टोचून रक्तातील साखर मोजली जाते आणि जे बिघडले असेल ते तेथल्या तेथे सावरले जाते. छातीत दुखत असेल, तर रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढून तो डॉक्टरांनी पाहिलेला असावा, असा दंडक आहे. दुखण्याचे कारण बहुधा आम्लपित्त असेलही. पण हृदयविकाराचा झटका, महारोहिणीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) फाटलेली भिंत किंवा फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी यांपैकी काही नाही ना, याची खात्री आधी करावी लागते.

शिवाय प्रत्येक रुग्ण पुढे तज्ज्ञाकडे जातो, हे आपले गृहीतकही बरोबर नाही. पुष्कळांना तेथूनच घरी सोडले जाते, आणि कोणाला निर्धास्तपणे सोडावे हा या डॉक्टरांचा सर्वांत अवघड निर्णय असतो.