वीजगृह डोंगरात लपवावे की दिसू द्यावे?

प्रश्न : आमच्या भागात उदंचन जलविद्युत प्रकल्प (खालच्या जलाशयातले पाणी वरच्या जलाशयात चढवून, गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज करणारा) येणार अशी चर्चा आहे. वीजगृहाला हिरवा रंग दिला, दर्शनी भिंतींना स्थानिक दगड लावला आणि सभोवार झाडे लावली की ते डोंगरात मिसळून जाईल, असे सांगितले जाते. वास्तुरचनेच्या दृष्टीने हे कितपत खरे आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : इमारत लहान असेल तर हे बऱ्याच अंशी खरे आहे, मोठी असेल तर जवळजवळ नाहीच. रंगावर तर मुळीच विसंबू नये, कारण पावसाळ्यात हिरवागार असणारा सह्याद्री मार्चपर्यंत वाळल्या गवताचा होतो आणि तेव्हा हिरवी भिंत उलट अधिकच डोळ्यांत भरते. शिवाय डोंगराचे रूप बहुधा मुख्य इमारतीपेक्षा तिच्यामागोमाग येणारे रस्ते, कुंपणे, गोदामे आणि पारेषण मनोरे यांनी अधिक बिघडते.

या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे ब्रिटनमधील वेल्स प्रांतात, स्नोडोनियाच्या डोंगराळ मुलखात पाहायला मिळतात. तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतच ट्रॉसव्हनिदचे अणुवीज केंद्र उभारले गेले. १९६५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राचे वास्तुकार बेसिल स्पेन्स होते आणि भूदृश्यरचना सिल्व्हिया क्रो यांची होती. सुमारे ५५ मीटर उंचीच्या दोन अणुभट्टी-इमारती झाडांआड जाणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांचे आकार साधे व भव्य ठेवून त्या उघडपणे दिसू दिल्या आणि झाडांचा व मातीच्या उंचवट्यांचा आडोसा आजूबाजूच्या किरकोळ बांधकामांना दिला. मला हा विचार आजही प्रामाणिक वाटतो. मात्र १९९१ मध्ये वीजनिर्मिती थांबल्यानंतरही त्या इमारती कित्येक दशके उभ्याच राहिल्या, हेही विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. १९८४ मध्ये सुरू झालेले डिनॉर्विगचे उदंचन केंद्र सुमारे १,७०० मेगावॉट क्षमतेचे असूनही त्याचे यंत्रदालन एलिदिर व्हाउर या डोंगराच्या पोटात आहे आणि बोगद्यांची एकूण लांबी सुमारे १६ किलोमीटर भरते. माझ्या मते येथील खरे कौशल्य जागेच्या निवडीत आहे : १९६९ मध्ये बंद पडलेल्या पाटीच्या दगडाच्या खाणीने जो डोंगर आधीच पोखरला होता, तोच या कामासाठी निवडला गेला. शिवाय वीज बाहेर नेणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या केबल सुमारे १० किलोमीटरपर्यंत जमिनीखालून नेल्या, त्यामुळे तेवढ्या टप्प्यात मनोऱ्यांची रांग टळली. हा उपाय महाग असतो, आणि म्हणूनच खर्चाला कात्री लावायची वेळ आली की तो बहुधा आधी गळतो.

महाराष्ट्राला भूमिगत वीजगृह नवे नाही. कोयनेचे पोफळी येथील वीजगृह साठच्या दशकापासून जमिनीखाली आहे. पण ते भूमिगत असले तरी तेथून निघणाऱ्या वीजवाहिन्या डोंगर-जंगलावरून उघड्याच जातात. त्यामुळे ‘वीजगृह भूमिगत आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

उदंचन प्रकल्पात आणखी दोन गोष्टी अशा असतात की कोणत्याही दर्शनी सजावटीने त्या झाकत नाहीत. पहिली म्हणजे जलाशयाचा काठ : पाणी वर चढवणे व खाली सोडणे रोजचेच असल्याने पातळी सतत हलते आणि काठावर काहीही न उगवणारा उघडा पट्टा राहतो. दुसरी म्हणजे बोगद्यांतून निघणारा दगड. फोडलेला कातळ मूळ आकारमानाच्या सुमारे दीडपट जागा व्यापतो. तो ओढ्याच्या उतारावर लोटला तर दृश्यही बिघडते आणि पावसाळ्यात प्रवाहही तुंबतो.

तेव्हा जनसुनावणीची किंवा ग्रामसभेत बोलण्याची संधी मिळाल्यास भिंतीच्या रंगाऐवजी नकाशे मागावेत : वीजवाहिनीचा मार्ग, दगड टाकण्याची जागा व तिचा उतार, बांधकामासाठी कापले जाणारे रस्ते आणि त्यांपैकी काम संपल्यावर बुजवले जाणारे रस्ते. शिवाय आपल्या गावातून, घाटरस्त्यावरून आणि जवळच्या गडावरून प्रकल्प कसा दिसेल याची चित्रे मागावीत, आणि ती पावसाळ्याबरोबरच उन्हाळ्यातलीही असावीत असा आग्रह धरावा.