पहिल्या फुल मॅरेथॉनसाठी सगळ्यात मऊ कार्बन प्लेटवाला शूज घेऊ का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. अमळनेरला राहता, वजन 76 किलो, हाफ 1 तास 52 मिनिटांत केलीय, जानेवारीत मुंबईला पहिली फुल पळायचीय, लॉंग रनला 25 किलोमीटरच्या पुढे पोटऱ्या भरून येतात म्हणून कार्बन प्लेटवाल्यातला, म्हणजे तळव्याच्या फोममध्ये कार्बनची ताठ पट्टी घातलेल्यातला, सगळ्यात मऊ शूज कुठला ते विचारताय. मी धुळ्याचा, तीन फुल झाल्यात माझ्या, आणि पहिली नेमकी अशाच शूजमध्ये पळालो होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थेट सांगायचं तर सगळ्यात मऊ शोधूच नका. दमलेल्या पायाखाली जो डगमगत नाही तो शोधा.

आपण मऊ मऊ म्हणतो त्यात दोन गोष्टी असतात, एक म्हणजे पाय टाकला की फोम किती दबतो आणि दुसरी म्हणजे दबलेलं किती परत देतो. गादीपण मऊच असते पण तिच्यावर पळून बघा, पाच मिनिटांत मांड्या बोलायला लागतात. 2017 मध्ये नाइकीचा व्हेपरफ्लाय आला त्याचा प्रोटोटाइप अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात तपासला होता, तर त्याचा फोम त्या वेळच्या रेसिंग शूजच्या जवळपास दुप्पट दबत होता पण दाबताना घातलेल्या ऊर्जेतली 87 टक्के परत देत होता, नाइकीचाच जुना रेसिंग शूज 65.5 टक्के. खरी कमाल त्या पेबा जातीच्या, म्हणजे हलक्या आणि दबून लगेच उसळणाऱ्या फोमची आहे. प्लेट म्हणजे स्प्रिंग असं बरेच जण समजतात, पण नंतर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात त्याच शूजच्या प्लेटला पुढच्या भागात आडवे काप देऊन तिचा ताठपणा घालवला आणि लोकांना पळवून बघितलं तर पळायला लागणाऱ्या ऊर्जेत फरक जेमतेम अर्धा टक्का आला. त्यामुळे डब्यावर कार्बन लिहिलंय म्हणून पैसे देऊ नका, आधी फोम कुठला ते विचारा. रोजच्या शूजमध्ये असतो त्या साध्या ईव्हीए फोममध्ये प्लेट घालून स्वस्तात विकलेले शूज मी घालून बघितलेत, पाटीवर पळल्यासारखं वाटतं.

आता ते प्रसिद्ध 4 टक्के, म्हणजे व्हेपरफ्लायमध्ये पळायला 4 टक्के कमी ऊर्जा लागते असं म्हणतात ते. कोलोरॅडोची ती टेस्ट ज्या 18 जणांवर झाली ते 10 किलोमीटर 31 मिनिटांच्या आत पळणारे होते आणि त्यांना ताशी 14 ते 18 किलोमीटरच्या वेगाने पळवलं होतं. तुमच्या हाफवरून तुमची फुल चार तासांच्या आसपास बसेल, म्हणजे ताशी साडेदहा. हळू वेगावरची टेस्ट 2023 मध्ये आली, त्यात ताशी 12 ला सरासरी फायदा 1.4 टक्के आणि ताशी 10 ला 0.9 टक्के निघाला, तोही सगळ्यांना सारखा नाही, काहींना तर उलट जास्त दम लागला. म्हणजे तुम्हाला शूजमधून मिळणार फार तर दोन-सव्वादोन मिनिटं, पण शूज चुकला तर जाणार वीस मिनिटं, हे मी भोगलंय.

माझं असं झालं की मी ऑनलाइन सेलमध्ये एक खूप मऊ, उंच आणि टाचेला अरुंद असा जोड घेतला, ब्रँडचं नाव नाही घेत कारण चूक निवडण्यात होती. गोंदूर रोडला फक्त 5 किलोमीटर पळून बघितलं, इतकं भारी वाटलं की डब्यात ठेवला तो थेट मुंबईला काढला. 28 किलोमीटरपर्यंत खरंच हवेत होतो. मग कंबर दमली, आणि कंबर दमली की पाऊल आत पडायला लागतं, हे बऱ्याच जणांचं होतं, पण खाली मऊ आणि उंच फोम असला की ते जितकं पडायला पाहिजे त्यापेक्षा जास्त पडतं आणि तिथून परत वर येताना घोट्याच्या आतली शीर दर पावलाला ओढली जाते. परतीच्या पेडर रोडच्या चढावर डावा पाय टाकताना शूजची आतली कड चपटी होताना मला दिसत होती. शेवटी चालत-पळत 4 तास 31. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला बसमधून उतरून लंगडत घरी आलो तर आई दारातच म्हणाली, "काय व्हयनं रे पायले?" घोट्याच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी सूज होती. डॉक्टर म्हणाले टेंडन, म्हणजे तीच आतली शीर, सुजलाय, दोन महिने पळणं बंद.

आणि हे माझ्यापुरतंच नाही, 2023 मध्ये डॉक्टरांनी कार्बन प्लेट शूजमध्ये पळणाऱ्या पाच जणांच्या केस मांडल्या होत्या, पावलाच्या मधल्या नॅव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा झाली होती त्यांना. शूज वाईट आहेत असं नाही म्हणत मी, पण पायाला सवय लावल्याशिवाय हे शूज घालायचे नाहीत.

दुकानात जाल तेव्हा संध्याकाळी जा, दिवसभरात पाय फुगतो आणि आपल्याकडच्या उन्हात तर जास्तच. पळायचे मोजे सोबत न्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. तुमचा जुना शूजपण पिशवीत घालून न्या आणि तो उलटा करून बघा, पुढची आतली कड जास्त झिजलेली असेल तर मऊ आणि अरुंद शूजच्या वाटेला जाऊच नका. नवीन जोड टेबलावर ठेवून मागून बघा, टाचेखालचा फोम टाच धरणाऱ्या वरच्या कपापेक्षा रुंद पसरलेला पाहिजे. मग घालून एका पायावर 30 सेकंद उभे राहा आणि गुडघा थोडा वाकवा, घरच्या कुणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांगा. दुकानात ताजे असताना घोटा थरथरला तर 35 व्या किलोमीटरला काय होईल ते समजून घ्या. दुकानदार दोन उड्या मारायला सांगतो आणि बघा किती बाउन्स आहे म्हणतो, त्यावर जाऊ नका, उड्या मारताना सगळेच भारी वाटतात.

मॉडेलचं म्हणाल तर तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या फुलला सॉकनी एंडॉर्फिन स्पीड घेतला असता, त्यात प्लेट नायलॉनची आहे म्हणून पायाला थोडं वाकता येतं, फोम मात्र पेबा जातीचाच, आणि सरावातल्या टेम्पो रनलापण, म्हणजे जरा जोरात पळायच्या दिवशीपण चालतो. कार्बनच पाहिजे असेल तर असिक्स मेटास्पीड बघा, त्यात स्काय लांब ढांग टाकणाऱ्यांसाठी आणि एज पावलं भरभर टाकणाऱ्यांसाठी, आपल्या वेगाला बहुतेकांना एज जमतो. प्युमा डेव्हिएट नायट्रो एलिटचं रबर ओल्या रस्त्यावर छान धरतं, रेसमधल्या पाण्याच्या टेबलाजवळ ते कळतं. नाइकी अल्फाफ्लायमध्ये पुढच्या पायाखाली हवेच्या दोन पिशव्या आहेत, पुढच्या पायावर पडणाऱ्याला त्याचा उपयोग, टाचेवर पडणाऱ्याने एवढे पैसे घालू नयेत असं माझं मत. मागच्या वर्षीचं मॉडेल सेलमध्ये मिळालं तर बिनधास्त घ्या, पण नंबर दुकानात घालून बघूनच.

घेतल्यावर पहिले पंधरा दिवस आठवड्यातून एकदाच, 6-8 किलोमीटर. मग एक 16 आणि मग एक 28-30 ची लॉंग रन त्याच शूजमध्ये, शेवटचे 10 रेसच्या वेगाने. उतारावर नक्की पळा, मऊ शूजचं खरं रूप उतारावर दिसतं, मी लळिंगचा घाट उतरताना बघतो. शेतातल्या काळ्या मातीच्या वाटेवर मात्र नेऊ नका, ती खाचांत बसते आणि उघडा फोम खरवडून निघतो. मेमध्ये गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका, आपल्याकडे 44-45 डिग्रीला आत भट्टी होते आणि चिकटवलेलं सुटायला लागतं. पोटऱ्या भरून येतात त्याला मात्र शूजपेक्षा पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वरखाली करणं जास्त उपयोगी, एका पायावर 25 व्हायला लागले की तुम्हालाच फरक दिसेल.

अमळनेरहून धुळं तासाभरावर आहे. माझ्याकडे दोन जोड आहेत, एक मऊ आणि एक नायलॉन प्लेटवाला. कुठल्याही रविवारी पहाटे पाचला पांझरेच्या काठच्या रस्त्यावर या, दोन्ही घालून पाच-पाच किलोमीटर पळून बघा आणि मग पैसे घाला. मेसेज करून शूजचा नंबर तेवढा कळवा.