लाल स्टिकर आणि माहेरची वाट

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही चाकणजवळ राहतो, मिस्टर कंपनीत आहेत. माझं माहेर अकोले तालुक्यात, अगदी डोंगराकडेला. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सातवा संपत आला. पहिली मुलगी दोन वर्षांची, तेव्हा सिझर झालं होतं. 9 तारखेला पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) तपासणीला गेले तर हिमोग्लोबिन 8.4 निघालं आणि सिस्टरनी कार्डावर लाल स्टिकर लावला, तेव्हापासून झोप नाही. बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलंय. तिथं परत नाव नोंदवायचं का? सासूबाई म्हणतात सरकारी दवाखान्यात पडायचं कशाला, कर्ज काढू पण प्रायव्हेटला जाऊ.

उत्तर : अगं, आधी तो स्टिकर मनातून काढ. तू काही चुकलीस म्हणून तो लावत नाहीत गं, ही बाई कुठल्याही दवाखान्यात गेली तर समोरच्या डॉक्टरला पहिल्या नजरेत कळावं की हिच्याकडे जास्त लक्ष द्यायचंय, एवढ्यासाठीच तो असतो. आधीचं सिझर आणि रक्त कमी, तुझी कारणं ही दोन.

माहेरी जा, खुशाल जा. कार्ड तेच चालतं, फक्त पोचल्यावर दोन दिवसांत तिथल्या आशाताईला आणि उपकेंद्राच्या सिस्टरना दाखव म्हणजे त्यांच्या यादीत नाव येईल आणि दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची जी तपासणी असते, ती पुढच्या वेळी तिकडेच होईल (9 ला सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी). पण माहेर म्हणजे माहेरच्या गावातलं पीएचसी असं धरून बसू नकोस. पहिलं सिझर असलेल्या बाईचं बाळंतपण ऑपरेशनची सोय, भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळतं अशाच ठिकाणी व्हायला हवं, म्हणजे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. ते कुठलं, हे आत्ताच डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहून घे, नववा लागायच्या आत एकदा तिथं जाऊन दाखवून ये, आणि पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड शोधून सोबत ठेव, कारण टाका कसा घेतला होता ते डॉक्टरांना त्यावरूनच कळतं. डोंगरात रात्री कळा सुरू झाल्यावर कुठं जायचं याची चर्चा करत बसायचं नसतं, मी 26 वर्षं उपकेंद्रात काढलीत, त्या चर्चेत गेलेला एकेक तास मला अजून आठवतो. त्यामुळे तारखेच्या थोडं आधीच रुग्णालयाजवळ कुणा नातेवाईकाकडे राहायला गेलीस तर फार बरं.

आता रक्ताचं. 8.4 म्हणजे लोहाच्या गोळ्या दिवसाला दोन. चहा-दुधासोबत नाही, लिंबूपाण्यासोबत घे, आणि कॅल्शियमची गोळी दोन तास सोडून. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नकोस. आमच्याकडे एका पोरीचं रक्त काही केल्या वाढेना, घरी गेले तर तांदळाच्या डब्यात खालून सगळी पाकिटं निघाली, एकही फोडलेलं नाही! काळं झालं म्हणून घाबरून बंद केलेलं, आणि सांगायची लाज वाटलेली. तू बोल, मळमळ होत असेल तर तसं सांग, रात्री जेवणानंतर घेऊन बघ. महिन्याभरात रक्त वाढलं नाही तर शिरेतून लोह देतात, तेही फुकट. जंताची गोळी झाली का ते पण विचार.

सासूबाईंना माझा निरोप सांग. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, 2011 पासून, सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, तपासण्या, रक्त लागलं तर रक्त, सात दिवस जेवण, न्यायला आणि घरी सोडायला गाडी, सगळं मोफत आहे. गाडीसाठी 102, जीवावरचं असेल तर 108. प्रायव्हेटला जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण कर्ज काढायची खरंच गरज नाही आणि ते पैसे तिच्या खाण्यावर घातलेत तर जास्त उपयोग.

आणि डोकं खूप दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, तोंडावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, जुन्या टाक्यावर कळ आली, बाळाचं हलणं कमी वाटलं, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

प्रश्न : पहिली मुलगी आहे. दुसऱ्या वेळी सरकारच्या मातृवंदना योजनेचे पैसे मिळतात का?

उत्तर : दुसरी मुलगी झाली तर मिळतात, एकदम 6 हजार. मुलगा झाला तर नाही. पहिल्या वेळचे 5 हजार, 3 आणि 2 अशा दोन हप्त्यांत येतात. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं लागतं, बहुतेक अर्ज तिथंच अडकतात, म्हणून ते बाळंतपणाच्या आधीच बँकेत जाऊन बघून घ्या.