‘प्रतिजैविक’ पट्टी आणि मोरचुदाचा गोतावळा

प्रश्न : मुलगी नागपुरात बी.फार्म. करते. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण घातलेल्या, जखमेवर लावायच्या पट्टीबद्दल तिला मराठीत पोस्टर करायचंय. ‘प्रतिजैविक पट्टी’ चालेल ना? आणि झिंक ऑक्साइडला मराठी शब्द काय?

नाही चालणार. प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक, पेनिसिलिनच्या गोत्रातलं औषध. जीवाणू मारेल त्या प्रत्येक वस्तूला प्रतिजैविक म्हणायची खोड लागलीय सगळ्यांना. उद्या फिनेललाही म्हणतील. हे १०० नॅनोमीटरहून बारीक कण जस्ताचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सोडतात, शिवाय ऑक्सिजनची उपद्रवी रूपं तयार करून जीवाणूचं आवरणच फाडतात. ‘जीवाणुरोधक’ लिहा.

आता दुसरं. नागपूरकरांनी असं विचारताना जरा जपून! याच गावात कोशकार डॉ. रघुवीर इंग्रजी शास्त्रीय संज्ञांना संस्कृत वळणाचे शब्द घडवत होते : ऑक्सिजन ‘जारक’, ऑक्साइड ‘जारेय’. ‘जारेय’ लिहिलंत तर परीक्षक पोरीलाच अर्थ विचारत बसतील.

जुना शब्द हवा तर तो घरचाच आहे : तुत्थ. इतवारीच्या बाजारात मोरचूद मागा, निळे खडे पुढ्यात येतील. मोरचूद म्हणजे मयूरतुत्थ. ते तांब्याचं (कॉपर सल्फेट), कबूल. पण हाच तुत्थ इराणकडे जाऊन ‘तूतिया’ झाला आणि भट्टीच्या धुराड्यात साचणाऱ्या जस्ताच्या पुटाला, म्हणजे कच्च्या झिंक ऑक्साइडला, जाऊन चिकटला. तेराव्या शतकात मार्को पोलोनं इराणातल्या या तूतियाचं वर्णन केलंय. डोळ्यांवर फार गुणकारी, म्हणतो. पुढे इंग्रजीत त्याचं जे झालं, ते आपल्याकडे मोठ्यानं उच्चारू नये : ‘टटी’.

काही पंडित तूतिया फारसी ‘दूद’वरून, म्हणजे धुरावरून काढतात. धुराडं दिसलं की धूर आठवायचा, एवढाच त्यात विचार! मग दूदमधल्या ‘द’चे दोन्हीकडे ‘त’ कोणी केले? उलट मला विचारतात, तुत्थातल्या ‘त’चा मोरचुदात ‘च’ कसा झाला? माझा तर्क असा, की मोर शेजारी आल्यावर लोकांना त्याचा तुरा, ‘चूडा’, आठवला आणि तुत्थ त्या वळणावर गेला. कोशात हे सापडणार नाही. पण तांब्याच्या ऑक्साइडचे नॅनोकणही जीवाणू मारतात, आणि तुत्थानं तांबं-जस्त दोन्ही कधीचेच एका पंगतीला बसवलेत, हे बघून मजा वाटते की नाही?

हां, पोस्टर. ‘जस्ताचं ऑक्साइड’ लिहा.