सीए सोडून स्पोर्ट्सवेअरचा ब्रँड काढू का?

पत्र (थोडक्यात): मी इचलकरंजीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सीए इंटरचा एक ग्रुप निघाला, दुसरा अडकलाय. वडिलांचे यंत्रमाग आहेत. शाळेपासून मी पाच हजार मीटर धावतो. नाइकीचे संस्थापक फिल नाइट यांचे ‘थांबू नका’ आणि ‘आम्ही मार्केटिंगची कंपनी आहोत’ हे विचार वाचून सीए सोडायचं आणि धावपटूंच्या कपड्यांचा जागतिक ब्रँड काढायचा, असं ठरवलंय. लोगो, वेबसाइट आणि पहिल्या मालासाठी वडिलांकडे चार लाख मागितले. ते म्हणतात, आधी सीए पूर्ण कर.

प्रिय मित्रा,

थांबू नका, असं नाइट सांगतात हे खरं. पण तसं न थांबता ते स्वतः काय करत होते, तेही बघ. स्टॅनफर्डला एमबीए करताना त्यांनी एक निबंध लिहिला होता: जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांना हटवलं, तसं जपानी बूट जर्मन बुटांना हटवू शकतील. १९६२ मध्ये ते जपानमध्ये कोबेला ओनित्सुका या बूट बनवणाऱ्या कंपनीत गेले. १९६४ मध्ये त्यांचे कॉलेजचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांच्याबरोबर पाच-पाचशे डॉलर घालून भागीदारी केली. पहिली ऑर्डर होती तीनशे जोडांची. शर्यतींच्या मैदानांवर ते गाडीच्या डिकीतून बूट विकायचे. आणि पोट कशावर चालत होतं? अकाउंटंटच्या नोकरीवर. प्राइस वॉटरहाउसमध्ये नोकरी केली, पुढे पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकवलं. पूर्ण वेळ धंद्यात आले ते १९६९ मध्ये.

म्हणजे या बाबतीत तुझे वडील आणि फिल नाइट एकाच बाजूला आहेत!

नाइट यांची खरी डोकेदुखी विक्री ही नव्हतीच. माल खपत होता, दरवर्षी ऑर्डर वाढत होती, आणि नेमका तिथेच पैसा अडकत होता. जपानहून माल येणार काही महिन्यांनी, तो विकून पैसे हातात येईपर्यंत पुढची, आधीपेक्षा मोठी ऑर्डर द्यायची वेळ झालेली. स्वतःचं भांडवल तुटपुंजं, त्यामुळे बँकेला ही वाढच धोक्याची वाटायची. १९७५ मध्ये तर बँकेने हात झटकले आणि निशो इवाई या जपानी ट्रेडिंग कंपनीने त्यांचं देणं भागवलं. ताळेबंद वाचता येणारा माणूस गल्ल्यावर होता म्हणून ही कंपनी तगली, असं माझं मत आहे. तुझ्या घरी हेच रोज चालतं: सूतवाल्याला वेळेवर द्यावे लागतात आणि कापडाचा व्यापारी पेमेंट लांबवतो. वडिलांशी एकदा ब्रँडवर वाद न घालता या विषयावर बोल. सीएच्या क्लासमध्ये कळणार नाही इतकं कळेल.

आता लोगो. नाइकीचं ते चिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने काढलं. मोबदला ३५ डॉलर. (कंपनीने पुढे तिला शेअर्सही दिले.) तेव्हा लोगोचा खर्च यादीतून काढून टाक.

नाइट यांनी १९९२ च्या एका मुलाखतीत जे सांगितलं त्याचा अर्धा भागच तू उचललायस. आम्ही मार्केटिंगची कंपनी आहोत, हे ते म्हणाले. पण त्याच दमात हेही म्हणाले की मार्केटिंगचं सगळ्यात मोठं साधन आमचं उत्पादनच आहे. बॉवरमन घरच्या वॉफलच्या (जाळीदार खाऊच्या) साच्यात रबर ओतून बुटांचे तळवे करून बघत होते. तुझ्या पत्रात टी-शर्टच्या कापडाबद्दल एक ओळही नाही. तिरुपूरहून तयार माल आणून छापायचा असेल, तर तेच करणारे शेकडो आहेत. आणि घरचे माग आहेत म्हणून भुलू नकोस. मागावर विणलं जातं ते कापड वेगळं. ड्रायफिट (घाम लवकर सुकणाऱ्या) टी-शर्टचं निटेड कापड वेगळ्या मशिनवर निघतं. गावातच डीकेटीई हे टेक्स्टाइल-इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे. तिथल्या टेक्स्टाइलच्या कुणा प्राध्यापकांना भेट, कापडाचं वजन, घाम सुकण्याचा वेग, धुण्याने होणारा बदल कसा मोजतात ते विचार.

आणखी एक. नाइकीने स्वतःचे कारखाने फारसे काढले नाहीत, आशियात दुसऱ्यांकडून माल करून घेतला. त्याची किंमतही मोजली. तुटपुंजी मजुरी, सक्तीचा ओव्हरटाइम आणि छळ यांच्याशी आमचं नाव जोडलं गेलंय, अशी कबुली मे १९९८ मध्ये खुद्द नाइट यांना वॉशिंग्टनमध्ये द्यावी लागली. कामगारांच्या गावात वाढलेल्या मुलाने कारखाना निवडताना हे आधीच बघावं.

माझा सल्ला असा: दुसरा ग्रुप काढ. आर्टिकलशिप (सीएसाठी लागणारी उमेदवारी) शक्य झाली तर कपडे किंवा निर्यातीच्या कंपन्यांची कामं असलेल्या फर्ममध्ये कर. वडिलांकडे चार लाख मागू नकोस. पन्नास टी-शर्टांपुरते पैसे माग, तेही उसने म्हणून, परतफेडीची तारीख लिहून. ते टी-शर्ट तुझ्याबरोबर धावणाऱ्यांना विक, फुकट वाटू नकोस. दोन-तीन महिन्यांनी त्यातल्या किती जणांनी दुसरा मागितला, ते मला कळव.