घरी साबण करताना तेलाच्या मानाने कॉस्टिक सोडा किती घ्यायचा, हे कसे ठरवावे?

आपल्याजवळ ५०० ग्रॅम खोबरेल तेल आणि ८७ ग्रॅम कॉस्टिक सोडा अशी एक कृती आहे आणि त्यात खोबरेलाच्या जागी तेवढेच ऑलिव्ह तेल घेतले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. चालणार नाही. ५०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाला फार तर ६७.५ ग्रॅम सोडा लागतो. त्यात ८७ ग्रॅम घातला, तर जवळजवळ १९.५ ग्रॅम सोडा वडीत मोकळा राहील आणि ती वडी कातडीला लावण्याच्या लायकीची उरणार नाही. उलट, ऑलिव्ह तेलाचे प्रमाण खोबरेलाला लावले असते, तर तीस टक्क्यांच्या आसपास तेल साबण न होता तसेच राहिले असते. तेल बदलले की सोड्याचा हिशोब नव्याने मांडावा लागतो, आणि हा हिशोब चौथीतल्या गुणाकारापेक्षा अवघड नाही.

हा फरक का पडतो, ते एकदा समजून घेतले की आकडे पाठ करावे लागत नाहीत. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. प्रत्येक साखळी सोडवून तिचा साबण करायला सोडियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे कॉस्टिक सोड्याचा, एक रेणू खर्ची पडतो. खोबरेलात बारा कार्बनांचे लॉरिक आम्ल सर्वांत जास्त असते, तर ऑलिव्ह तेलात अठरा कार्बनांचे ओलेइक आम्ल. साखळ्या आखूड असल्या की रेणू हलका असतो, त्यामुळे तेवढ्याच वजनात रेणूंची संख्या जास्त भरते आणि सोडाही जास्त लागतो. एक ग्रॅम तेलाला पूर्णपणे साबण करण्यासाठी जितका सोडा लागतो, त्या आकड्याला साबणीकरण मूल्य म्हणतात. खोबरेलासाठी ते ०.१८३ धरतात, ऑलिव्ह आणि सूर्यफुलाच्या तेलासाठी सुमारे ०.१३५, पाम तेलासाठी ०.१४१, तर एरंडेल आणि शिया बटरसाठी ०.१२८. तेल हे पिकातून येणारे असल्याने प्रत्येक खेपेत हा आकडा किंचित खालीवर होतो. म्हणून दशांशानंतरच्या तिसऱ्या अंकावर वाद घालण्यात अर्थ नाही.

इथे एक खड्डा आहे, आणि नवशिके त्यात हमखास पडतात. रसायनशास्त्राच्या तक्त्यांत हे मूल्य बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या मिलिग्रॅममध्ये दिलेले असते, म्हणजे ऑलिव्ह तेलासमोर १९० आणि खोबरेलासमोर २५७ असे आकडे दिसतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड द्रवरूप साबणासाठी वापरतात आणि त्याचा रेणू कॉस्टिक सोड्याच्या रेणूपेक्षा जड असतो. वडीच्या साबणासाठी त्या आकड्याला १००० ने भागून ०.७१३ ने गुणावे लागते. तसे न करता ०.१९० हाच आकडा कॉस्टिक सोड्याला लावला, तर सोडा तब्बल चाळीस टक्के जास्त पडेल.

आता प्रत्यक्ष हिशोब पाहू. पहिल्या घाण्यासाठी मी ३०० ग्रॅम ऑलिव्ह, १५० ग्रॅम खोबरेल आणि ५० ग्रॅम एरंडेल असे ५०० ग्रॅम तेल सुचवेन. खोबरेलामुळे वडी कडक होते आणि भरपूर फेस येतो, ऑलिव्हमुळे साबण सौम्य राहतो आणि एरंडेल तो फेस टिकवते. तेले एकत्र करण्यापूर्वी प्रत्येकाचा सोडा वेगळा काढावा: ३०० गुणिले ०.१३५ म्हणजे ४०.५, १५० गुणिले ०.१८३ म्हणजे २७.४५, आणि ५० गुणिले ०.१२८ म्हणजे ६.४. बेरीज ७४.३५ ग्रॅम. ही सोड्याची कमाल मर्यादा झाली, आणि तेवढा सोडा कधीच घालायचा नाही. यातून पाच टक्के वजा केले, म्हणजे ७४.३५ ला ०.९५ ने गुणले, की ७०.६ ग्रॅम उरतात. वजनकाट्यावर मोजायचा तो हा आकडा.

ही पाच टक्क्यांची सूट, जिला साबण करणारे सुपरफॅट म्हणतात, कातडी मऊ राहावी म्हणून ठेवतात असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे आहे, पण माझ्या मते नवशिक्यासाठी तिचे खरे काम चुका पोटात घालणे हे आहे. तेलाचे मूल्य खालीवर असते, काटा थोडा इकडेतिकडे दाखवतो, थोडे तेल भांड्याच्या कडेला चिकटून राहते. हे सगळे त्या पाच टक्क्यांत जिरते. म्हणून सुरुवातीला पाचच्या खाली जाऊ नये, आणि आठच्या वर गेल्यास वडी मऊ पडते व लवकर खवट होते. याला अपवाद निव्वळ खोबरेलाच्या साबणाचा. तो कातडी फार कोरडी करतो, म्हणून त्यात वीस टक्क्यांपर्यंत सूट ठेवण्याची पद्धत आहे. आपल्या कृतीतले ८७ ग्रॅम पाचच टक्के सूट धरून काढलेले दिसतात. तो साबण बिघडणार नाही, पण अंगाला लावण्यापेक्षा कपडे धुण्यास अधिक योग्य ठरेल. अंगासाठी ७३ ग्रॅम पुरेसे आहेत.

सोड्याच्या डब्यावर शुद्धता ९७ टक्के लिहिलेली असेल, तर काटेकोर हिशोबासाठी ७०.६ ला ०.९७ ने भागून ७२.८ ग्रॅम घेता येतात. मी मात्र सुरुवातीच्या घाण्यांना ही दुरुस्ती करत नाही, कारण ती सोडून दिल्यास सूट पाचावरून आठ टक्क्यांच्या जवळ जाते एवढेच, आणि ही चूक सुरक्षित बाजूची असते. नळ्या तुंबल्यावर ओतायची पावडर मात्र सोडा म्हणून कधीही वापरू नये, कारण तिच्यात अॅल्युमिनियमचे कण किंवा इतर रसायने मिसळलेली असू शकतात.

पाण्याचा हिशोब सैल आहे. पाणी फक्त सोडा विरघळवून तेलापर्यंत पोहोचवते आणि नंतर वाळून जाते. सोड्याच्या दुप्पट, म्हणजे इथे १४१ ग्रॅम, घेतले की पुरते. साच्यात किती मावेल हे पाहायचे असेल, तर साच्यात पाणी भरून ते मोजावे. जितके मिलिलिटर भरेल त्याच्या सुमारे ०.७ पट ग्रॅम तेल घ्यावे.

मिलिलिटरचा उपयोग एवढाच. बाकी सर्व वजनाने, पाणीसुद्धा. हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या घाण्यात मी ऑलिव्ह तेल मापाच्या पेल्याने ३०० मिलिलिटर घेतले आणि सोडा ३०० ग्रॅमचा काढला. तेल पाण्याहून हलके असल्याने पेल्यात प्रत्यक्षात साधारण २७५ ग्रॅमच होते. पाच टक्क्यांची सूट तर गेलीच, वर तीन-चार टक्के सोडा जास्त झाला. महिनाभर वाळवूनही ती वडी हाताला चरचरत होती आणि शेवटी मी ती फेकून दिली. याच कारणाने शंभर ग्रॅम तेलाचा चिमुकला घाणाही करू नये. त्याला जेमतेम १४ ग्रॅम सोडा लागतो आणि साध्या काट्याची एक ग्रॅमची चूक तिथे सात टक्क्यांची होते, तर ५०० ग्रॅम तेलाला तीच चूक दीड टक्क्याच्या आत राहते.

हिशोबात काय धरायचे आणि काय नाही, हेही पाहावे. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या काही तेलांत खनिज तेल मिसळलेले असते आणि खनिज तेलाचा साबण होतच नाही, म्हणून घटकांची यादी वाचून शुद्ध तेलच घ्यावे. मधमाश्यांचे मेण घातले, तर त्याचे मूल्य अवघे ०.०६९ आहे. सायट्रिक आम्ल स्वतःच सोडा खाते: एका ग्रॅमला सुमारे ०.६२ ग्रॅम. ते घालायचे असल्यास तेवढा सोडा वाढवावा, नाहीतर सूट नकळत वाढते.

मिश्रण करताना चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच, खिडकी उघडी असावी आणि सोडा नेहमी पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. द्रावण अतिशय तापते, त्यामुळे काचेचे भांडे तडकू शकते. अॅल्युमिनियमचे भांडे तर सोडा खाऊन टाकतो, आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. स्टेनलेस स्टील किंवा जाड पॉलिप्रॉपिलीन घ्यावे. अंगावर उडालेच, तर व्हिनेगर शोधत न बसता वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे.

आपल्याला निव्वळ ऑलिव्ह तेलाचाच साबण करायचा असेल, तर ५०० ग्रॅम तेलाला पाच टक्के सूट धरून ६४ ग्रॅम सोडा आणि १२८ ग्रॅम पाणी घ्यावे. हे मिश्रण घट्ट व्हायला वेळ लागतो, तेव्हा हाताने घोटत बसण्याऐवजी हँड ब्लेंडर थांबून थांबून फिरवावा. मिश्र तेलांची वडी चार ते सहा आठवड्यांत तयार होते. या वडीला मात्र त्याहून बरेच जास्त दिवस हवेशीर जागी ठेवावे लागेल.